कामाच्या जुन्या संगणकावरून नव्यावर जाताना पूर्वतयारी कशी करावी?

नोंदवही (प्रश्न)

नमस्कार.

मी एका लहान संस्थेचे हिशेब, पत्रव्यवहार आणि वार्षिक अहवाल यांचे काम पाहते. ही सगळी कामे ज्या संगणकावर चालतात तो आता बदलायचे ठरले आहे. त्यावर विंडोज १० आहे, तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ त्यावर रीतसर बसवता येत नाही. नवा संगणक मंजूर झाला आहे. तो येईपर्यंतचा वेळ पूर्वतयारीसाठी हाताशी आहे.

दस्तऐवज, एक्सेलच्या फायली आणि छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे मला जमते. काळजी वाटते ती ज्या गोष्टी आपल्याकडे आहेत हेच लक्षात नसते त्यांची. कधीतरी कोणीतरी करून दिलेली जोडणी, वर्षातून एकदाच उघडायचा एखादा प्रोग्राम, आउटलुकमध्ये वर्षानुवर्षे साठत गेलेला पत्रव्यवहार, यांतले काय नेमके कुठे साठवलेले असते याचा मला अंदाज नाही. आमच्याकडे वेगळा तांत्रिक विभाग नाही, त्यामुळे हे सगळे मलाच निस्तरायचे आहे.

एका परिचितांनी सुचवले की जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिकृती नव्या यंत्रात घालावी, म्हणजे काही शोधत बसावे लागणार नाही. दुसऱ्यांचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. ज्यांनी असे स्थलांतर केले आहे त्यांनी कामाचा क्रम कसा लावावा आणि जुने यंत्र केव्हा मोकळे करावे, याविषयी सांगितले तर फार मदत होईल.

जुळारी

नोंदवही, तुमची काळजी रास्त आहे. मी लहान कार्यालयांचे संगणक लावून देण्याचे काम करतो, आणि स्थलांतरात हरवणाऱ्या गोष्टींत ‘माय डॉक्युमेंट्स’मधली फाईल क्वचितच असते. हरवतात त्या ठेवणी, खुणा, किल्ल्या आणि जोडण्या. म्हणून नवा संगणक येण्याआधीची सर्वांत मोलाची तयारी कॉपी करण्याची नसून पाहण्याची आहे. संगणकाशेजारी एक कागद ठेवा आणि रोजचे काम करता करता जे जे उघडाल ते लिहीत जा: कोणता प्रोग्राम, कोणते संकेतस्थळ, तिथे प्रवेश कशाने होतो, छपाई कोणत्या प्रिंटरवर गेली, स्कॅन केलेला कागद कोणत्या फोल्डरात उतरला. आठवडाभर हे केल्यावर मागे जाऊन महिनाअखेरीची, तिमाहीची आणि वर्षअखेरीची कामे आठवा आणि तीही त्याच कागदावर उतरवा. वर्षातून एकदा लागणारा प्रोग्राम रोजच्या वापरात दिसत नाही, आणि नव्या यंत्रावर तो नाही हे ऐन मुदतीच्या दिवशी कळते.

आता लपलेल्या जागांविषयी. विंडोजमध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात ‘ॲपडेटा’ नावाचा एक फोल्डर असतो, जो एरवी दिसत नाही. फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेल्या वस्तू दाखवण्याची खूण केली की दिसतो. ईमेलखालच्या स्वाक्षऱ्या, वर्डचा ‘नॉर्मल’ नावाचा मूळ साचा, शुद्धलेखन तपासनिसाला तुम्ही शिकवलेले शब्द, एक्सेलचे ‘पर्सनल’ कार्यपुस्तक आणि त्यातील मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा), हे सगळे त्यात असते. तुम्ही स्वतःसाठी बसवलेले फॉन्टसुद्धा तिथे असू शकतात. २०१८च्या सुधारणेपासून विंडोज १० फॉन्ट केवळ त्या वापरकर्त्यापुरता बसवू देते आणि तसा फॉन्ट विंडोजच्या मुख्य फॉन्ट फोल्डरात जात नाही, त्यामुळे तेवढा एकच फोल्डर पाहून समाधान मानू नये. मात्र ॲपडेटा सबंध उचलून नव्या यंत्रावर ओतू नका. त्यात जुन्या प्रोग्रामांचा बराच तात्पुरता साठाही असतो, आणि नव्या आवृत्त्यांशी त्याचे जुळेलच असे नाही. त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि लागेल तेवढेच त्यातून काढा.

आउटलुककडे अधिक लक्ष द्यावे लागेल. आधी तुमचे खाते कोणत्या पद्धतीचे आहे ते खात्याच्या सेटिंगमध्ये पाहा. ते पॉप पद्धतीचे असेल, तर टपाल सर्व्हरवरून उतरून तुमच्या पीएसटी फायलीत (आउटलुकच्या टपालसाठ्याच्या फायलीत) येते आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण केलेली नसेल, तर त्या पत्रव्यवहाराची जगातली एकमेव प्रत तुमच्या डिस्कवर आहे. आउटलुक पूर्ण बंद करून ती फाईल उतरवून घ्या, कारण उघडी असताना ती नीट कॉपी होत नाही. खाते आयमॅप किंवा एक्स्चेंज (टपाल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीचे) असेल, तर डिस्कवर ओएसटी फाईल असते. ती सर्व्हरवरील टपालाची स्थानिक प्रत आहे, दुसऱ्या संगणकावर सरळ उघडत नाही आणि खाते जोडले की नव्याने तयार होते. यात एक अपवाद आहे. आयमॅप खात्यात ‘फक्त या संगणकापुरते’ असे लिहिलेले संपर्क आणि दिनदर्शिका सर्व्हरवर जातच नाहीत, त्यामुळे त्या वेगळ्याने निर्यात करून पीएसटीत घ्याव्या लागतात. नव्या संगणकावर आधीपासून बसवलेले नवे आउटलुक पीएसटी फायली जुन्यासारख्या पूर्णपणे हाताळत नाही, म्हणून क्लासिक आउटलुक मिळण्याची सोय आधीच करून ठेवा.

ब्राउझरबाबत इतकेच सांगतो की क्रोमचा फोल्डर कॉपी केल्यास वाचनखुणा येतात, पासवर्ड येत नाहीत. ते त्या यंत्रावरील तुमच्या विंडोज खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असतात. एक तर खात्यामार्फत समक्रमण करून घ्या, किंवा पासवर्ड निर्यात करा. निर्यात झालेली फाईल मात्र साध्या मजकुराची असते, ज्याला मिळेल त्याला ती वाचता येते. नव्या यंत्रावर आयात झाल्याबरोबर ती दोन्हीकडून आणि मधल्या पेनड्राइव्हवरूनही पुसून टाका. फायरफॉक्सचा प्रोफाइल फोल्डर सबंध नेल्यास पासवर्डही सोबत येतात.

प्रत्यक्ष उतरवून घेण्यासाठी मी विंडोजमधलेच रोबोकॉपी हे फायली कॉपी करण्याचे साधन आज्ञा टंकून वापरतो, कारण ते फायलींच्या मूळ तारखा टिकवते, २६० अक्षरांहून लांब मार्ग असला तरी अडत नाही आणि काय नेले, काय राहिले याची यादी देते. वापरणार असाल, तर दोन गोष्टी जपा. एखादी फाईल उघडी असेल, तर ते स्वतःहून दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करत राहते. म्हणून प्रयत्नांची संख्या आणि थांबण्याचा अवधी ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ या पर्यायांनी कमी करून द्यावा. दुसरे म्हणजे ‘एमआयआर’ हा पर्याय टाळावा. मुळात नसलेल्या फायली तो गंतव्य फोल्डरातून काढून टाकतो, आणि दोन फोल्डरांची अदलाबदल झाली तर पुसला जातो तो तुमचाच दस्तऐवज. बाहेरची डिस्क फॅट३२ पद्धतीची नाही ना, तेही पाहून घ्या, कारण तिच्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल मावत नाही आणि जुनी पीएसटी सहज तेवढी असते.

किल्लेदार

जुळारींनी किल्ल्यांचा उल्लेख केलाच आहे, त्याला थोडी पुस्ती जोडते, कारण या गोष्टी जुने यंत्र चालू असतानाच कराव्या लागतात.

डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनवर असेल, तर नव्या यंत्रावर टोकनचा ड्रायव्हर तेवढा बसवावा लागतो. पण प्रमाणपत्र विंडोजच्याच साठ्यात बसवलेले असेल, तर ते खासगी किल्लीसह पीएफएक्स स्वरूपाच्या फायलीत निर्यात करून घ्यावे लागते. बसवताना निर्यातीची मुभा दिलेली नसेल, तर ते निघत नाही आणि नवे प्रमाणपत्र मागवावे लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून हे आजच पाहा.

डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सुविधेने) कुलूपबंद आहे का तेही पाहा. असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली छापून, संगणकापासून वेगळ्या जागी ठेवा. जुने यंत्र बिघडले आणि डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावावी लागली, तर तिच्याशिवाय काहीही वाचता येणार नाही. ज्या संकेतस्थळांवर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी आहे, तिथे नवे यंत्र अनोळखी म्हणून अडवले जाईल. पडताळणी कोणत्या फोनवर किंवा कोणत्या पत्त्यावर येते ते आधीच तपासा. लहान संस्थांमध्ये अनेकदा तो क्रमांक काम सोडून गेलेल्या व्यक्तीचा असतो.

आणखी एक. संगणक संस्थेचा आहे, तेव्हा त्यावर तुमची खासगी कागदपत्रे असतील तर ती आत्ताच वेगळी करा आणि संस्थेच्या कामाचे काय कुठे नेले याची कल्पना वरिष्ठांना लेखी द्या.

दुसरी_फळी

प्रतिकृतीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. माझे मत स्पष्ट आहे: नव्या यंत्रात जुन्या डिस्कची प्रतिकृती घालू नये. तुमच्या जुन्या यंत्रात विंडोज १० आहे आणि तिचा आधार संपला म्हणूनच यंत्र बदलले जात आहे; प्रतिकृती केल्यास तीच प्रणाली, जुन्या हार्डवेअरचे ड्रायव्हर आणि कधी काय बसवले ते कोणालाच न आठवणारे प्रोग्राम यांच्यासह नव्या यंत्रात येऊन बसेल. शिवाय यंत्रासोबत आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्याच यंत्राशी बांधलेला असतो. नव्या यंत्रासोबत आलेली विंडोज ११ तशीच ठेवावी आणि प्रोग्राम एकेक करून मूळ ठिकाणाहून बसवावेत. बसवलेल्या प्रोग्रामांची यादी जुन्या यंत्रावर विनगेट या विंडोजच्या प्रोग्राम बसवण्याच्या साधनाच्या निर्यात आज्ञेने फायलीत काढता येते. तिच्यात सगळे येत नाही, पण जुळारींनी सांगितलेल्या कागदाशी ताडून पाहायला ती फार उपयोगी पडते.

तरीही प्रतिकृतीमागची भावना मला पटते. काही राहून गेले तर परत मागे जाता यावे, एवढेच तुमच्या परिचितांना हवे आहे, आणि ते दुसऱ्या मार्गाने साधते. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात डिस्क२व्हीएचडी नावाचे लहानसे मोफत साधन आहे. ते चालू संगणकाच्या संपूर्ण डिस्कची एक फाईल बनवते. ती व्हीएचडीएक्स फाईल बाहेरच्या डिस्कवर ठेवा. विंडोज ११वर तिच्यावर दोनदा क्लिक केले की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, आणि जुन्या संगणकातला कोणताही फोल्डर, अगदी ॲपडेटासकट, त्यातून काढता येतो. परवानगी नाही असे सांगून एखादा फोल्डर अडला, तर प्रशासक म्हणून परवानगी घ्यावी लागते, इतकेच. बिटलॉकर चालू असलेल्या डिस्कवर हे साधन चालत नाही. आधी ते बंद करून डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबावे लागते.

ही फाईल आणि वेगळ्याने उतरवलेले दस्तऐवज एकाच डिस्कवर ठेवू नका. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातील एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम स्थलांतराच्या काळात काटेकोर पाळावा, कारण याच दिवसांत डिस्का सारख्या जोडल्या-काढल्या जातात. आणि प्रत घेतली म्हणजे ती चांगली आहे असे धरून चालू नका. दोन्हीकडच्या फोल्डरांतील फायलींची संख्या आणि एकूण आकार ताडा, सर्वांत जुनी, सर्वांत मोठी आणि कालच वापरलेली अशा काही फायली प्रतीवरून उघडून पाहा. पीएसटीसारख्या एकमेव फायलीचा एसएचए-२५६ ठसा (फायलीतील मजकुरावरून काढलेली ओळखखूण) पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-खिडकीतून दोन्ही ठिकाणी काढावा; तो अक्षरशः सारखा आला तरच ती प्रत खरी मानावी.

आकडेमोड

हिशेबाच्या फायलींविषयी माझा अनुभव सांगते. नव्या संगणकावर ऑफिस बहुधा ६४-बिटचे असते; ऑफिस २०१९पासून तेच आपोआप बसते. तुमच्या जुन्या संगणकावर ३२-बिटचे असेल आणि एक्सेलमधील एखाद्या मॅक्रोत विंडोजच्या अंतर्गत सुविधा बोलावणाऱ्या ‘डिक्लेअर’ ओळी असतील, तर नव्या ठिकाणी तो मॅक्रो पहिल्याच ओळीवर अडतो. त्या ओळींत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घालून पुढचे प्रकारही तपासावे लागतात. एक्सेलला माहितीसाठ्याशी जोडणाऱ्या ओडीबीसी जोडण्यांचेही असेच आहे: सिस्टम पातळीवरच्या ३२-बिटच्या आणि ६४-बिटच्या वेगवेगळ्या नोंदवल्या जातात, आणि एकीतली जोडणी दुसरीला दिसत नाही. हे सुधारणारे कोणी जवळ नसेल, तर नव्या यंत्रावरही ३२-बिटचे ऑफिस मुद्दाम निवडून बसवणे हा अगदी योग्य मार्ग आहे; त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा त्रास दुव्यांचा. एका कार्यपुस्तकातून दुसऱ्यातील आकडे घेतले असतील, तर त्या दुव्यात संपूर्ण मार्ग साठवलेला असू शकतो, आणि त्या मार्गात तुमच्या वापरकर्ता खात्याचे नाव असू शकते. नव्या यंत्रावर खात्याचे नाव एका अक्षराने जरी बदलले, किंवा वनड्राइव्हने ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर आपल्या पोटात घेतला, तरी असे दुवे तुटू शकतात. एक्सेल शेवटचे साठवलेले आकडे दाखवत राहते, त्यामुळे पाहणाऱ्याला काही बिघडल्याचे कळतही नाही. म्हणून जुन्या यंत्रावरच ‘डेटा’ टॅबमधून दुव्यांची यादी उघडून कोणते कार्यपुस्तक कोणावर अवलंबून आहे ते लिहून घ्या.

वनड्राइव्ह आधीपासून वापरात असेल, तर फायलींशेजारच्या खुणा पाहा. ढगाची खूण असलेली फाईल त्या डिस्कवर नावापुरतीच असते. कॉपी करण्याआधी फोल्डरावर उजवी क्लिक करून तो ‘नेहमी या यंत्रावर ठेवा’ असा करावा आणि सर्व फायली खाली येईपर्यंत थांबावे.

नोंदवही

सर्वांचे मनापासून आभार. कागद ठेवण्याची सूचना लगेच अमलात आणली, आणि स्कॅनरने काढलेली पाने थेट एका सामायिक फोल्डरात जातात, ही जोडणी मी कधीच विचारात घेतली नव्हती, ती पहिल्याच दिवशी कागदावर आली. आउटलुकचे खाते पॉप पद्धतीचेच निघाले.

दोन शंका उरल्या आहेत. आमचे काही जुने अहवाल युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. ते नव्या संगणकावर वाचता येतील का? आणि काही काळ दोन्ही संगणक शेजारी शेजारी चालवायचे असतील, तर त्यांत घोळ होऊ नये म्हणून काय करावे?

जुळारी

जुन्या फॉन्टच्या फायलींत देवनागरी अक्षरे साठवलेली नसतात. इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, आणि फॉन्ट त्या जागी मराठी आकार दाखवतो. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. मजकूर गेला असे समजून कोणी ती फाईल पुसू नये. फॉन्टची फाईल नव्या यंत्रावर बसवली की तो पुन्हा वाचता येतो. तरीही नुसत्या फॉन्टवर विसंबू नका. जुन्या यंत्रावर तो अहवाल व्यवस्थित दिसत असतानाच त्याची फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे तो कुठेही तसाच दिसेल. जो मजकूर पुढे शोधायचा किंवा बदलायचा आहे तो परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घाला, कारण परिवर्तक तिथेच चुकतात. टंकलेखनाचा जुना प्रोग्राम डोंगल (परवान्याची जोडायची किल्ली) लावूनच चालत असेल, तर तो विंडोज ११वर चालतो का ते आधी विक्रेत्याला विचारा. चालत नसेल, तर परिवर्तनाचे सगळे काम जुन्या यंत्रावरच उरकावे लागेल.

दोन यंत्रे एकाच वेळी चालवण्यात खरा धोका पॉप खात्याचाच आहे. दोन्हीकडे आउटलुक चालू राहिले आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण नसेल, तर जे यंत्र आधी टपाल उतरवेल त्याच्याकडे ते पत्र जाईल आणि सर्व्हरवरून नाहीसे होईल, म्हणजे निम्मा पत्रव्यवहार इकडे आणि निम्मा तिकडे. म्हणून महिन्याचे हिशेब मिटल्यानंतरचा एक दिवस ठरवा. त्या दिवशी जुन्यावरून शेवटचे टपाल घ्या, पीएसटी नव्यावर न्या आणि जुन्या आउटलुकमधील आपोआप टपाल घेणे बंद करा. हिशेबाच्या मुख्य फोल्डराचे नाव जुन्या यंत्रावर बदलून टाका, म्हणजे सवयीने कोणी तिथे नवी नोंद करणार नाही. त्यानंतर जुन्या यंत्राचे इंटरनेट तोडा. सुरक्षा-सुधारणा न मिळणारे यंत्र जोडलेले ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि नुसते पाहण्यासाठी ते तसेही चालते.

दुसरी_फळी

जुने यंत्र केव्हा मोकळे करावे, या मूळ प्रश्नाचे उत्तर राहिले. कागदावरील प्रत्येक ओळ नव्या यंत्रावर एकदा प्रत्यक्ष करून झाली पाहिजे. महिनाअखेर आणि तिमाही दोन्ही पार पडाव्यात. वर्षअखेरीपर्यंत यंत्र ठेवणे शक्य नसेल, तर वर्षअखेरीचे काम गेल्या वर्षीच्या आकड्यांवर नव्या यंत्रावर एकदा चालवून पाहा.

पुसण्याआधी ज्या प्रोग्रामांच्या परवान्यांना यंत्रांच्या संख्येची मर्यादा आहे, त्यांतून जुन्या यंत्रावर रीतसर बाहेर पडा, नाहीतर परवाना पुसलेल्या यंत्राकडेच अडकून राहतो. चकतीची हार्ड डिस्क असेल, तर विंडोज पुन्हा मूळ स्थितीत नेताना ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करा. त्यात वेळ जातो, पण साध्या पुनर्विक्रीसाठी ते पुरेसे आहे. एसएसडी असेल, तर वरून लिहून पुसणे भरवशाचे नाही, कारण तिचा नियंत्रक नवा मजकूर दुसऱ्याच पेशींत लिहितो आणि जुना तसाच राहू शकतो. तिथे निर्मात्याचे स्वतःचे पुसण्याचे साधन किंवा बायोसमधील (यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधील) सिक्युअर इरेज हा पुसण्याचा पर्याय वापरावा. डिस्क काढून संस्थेच्या कपाटात ठेवायची असेल, तर तेही चालेल, फक्त एसएसडी दीर्घकाळ वीज न मिळता पडून राहिल्यास तिच्यावरील मजकूर विरू शकतो, तेव्हा तिला संग्रहाची प्रत मानू नका. संग्रहाची प्रत म्हणजे ती व्हीएचडीएक्स फाईल, आणि तिच्यावर यंत्राचे नाव व प्रत घेतल्याची तारीख लिहायला विसरू नका.